जास्वंदीची वाळवंटातली चुलत बहीण : डेझर्ट मॅलो

दुपारची_झोप

आमच्या घरी (चँडलर, अ‍ॅरिझोना) सहा वर्षांत पाच जास्वंदी मेल्या. पहिली जूनमध्ये करपली. दुसरी जानेवारीतल्या एका रात्रीच्या हिवाने काळी पडली. तिसरी-चौथी का गेल्या ते त्यांनाच ठाऊक. पाचवी २०२३ च्या उन्हाळ्यात गेली. त्या वर्षी फिनिक्सचा दुपारचा पारा सलग ३१ दिवस ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर जात होता, म्हणजे आपल्या हिशेबाने ४३ च्या वरच. जुनी साडी बांधून सावली केली, दोन वेळा पाणी घातलं, पण बागेच्या नळीतून पहिलं मिनिटभर चहाला चालेल असं पाणी यायचं. तिला दोष देत नाही.

तर आता मूळ मुद्दा. आमच्या पुढच्या अंगणात हिरवळ नाही, खडी आहे. इथे बहुतेकांकडे तशीच असते. फेब्रुवारीत एसीच्या युनिटमागे खडीतून एक रोप वर आलं. पानं बोटाच्या दोन पेरांएवढी, तीन भागांत कापल्यासारखी, कडा चुणीदार. रंग राखाडी. मला वाटलं धूळ बसलीय, म्हणून ओढणीने पुसून पाहिलं. धूळ नव्हतीच, रंगच तसा. तेवढ्यात वसाहतीच्या कमिटीचं पत्र आलं की तुमच्या अंगणात तण माजलंय, चौदा दिवसांत काढा. नवरा उपटायला गेला, रोप हलेना. खाली चिवट मूळ आणि त्याखाली चुनखडीचा थर. शनिवारी पहार आणून काढतो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी फूल उमललं.

मोठ्या नाण्याएवढं, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं, पाच पाकळ्या. आणि मधोमध तो दांडा! पुंकेसर एकत्र जुळून झालेली नळी, टोकाला परागाचे दाणे. लहानपणी जास्वंदीचा तोच दांडा सोलून आम्ही नाकाला चिकटवायचो. मी तिथूनच ओरडले, "अरे ही जास्वंदच आहे!" नवऱ्याने पहारीचा बेत सोडून दिला.

शोधाशोध केली तेव्हा नाव कळलं : डेझर्ट मॅलो, ॲप्रिकॉट मॅलो, ग्लोबमॅलो, अशी बरीच नावं. शास्त्रीय नाव स्फेराल्सिया अँबिग्वा. कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा, अ‍ॅरिझोना आणि खाली मेक्सिकोतलं सोनोरा नि बाहा कॅलिफोर्निया हे तिचं गाव. मोहावे आणि सोनोरन ही दोन्ही वाळवंटं तिचीच.

जाणकारांना विचारायचंय : पाणी किती घालू? बी धरून ठेवता येईल का? आणि (हसू नका) जास्वंदीच्या घरातली आहे तर बाप्पाला चालेल का?

फोटो खाली देतेय.

बर्फातला_बटाटा

फोटो दिसत नाहीये.

खारूताई

अभिनंदन, फुकटात मिळालं! आम्ही टूसॉनला पंधरा वर्षं आहोत, माझ्याकडे अकरा झुडपं आहेत, त्यातली विकत आणलेली फक्त दोन.

पाणी : घालू नकोस. मनावर दगड ठेवून सांगतेय. माझी पहिली दोन झाडं मी पाणी पाजून मारली. ठिबकच्या नळीला जोडली होती, गुलाबाला जितकं तितकंच यांना. आधी भराभर वाढली, फांद्या लांबट नि लुळ्या झाल्या, आडव्या पडल्या आणि ऑगस्टमध्ये एका आठवड्यात बुडापासून कुजून गेली. उन्हात पानं जरा मलूल दिसली की आपला हात नळाकडे जातो. या बाईला ते सोसत नाही. उन्हाळ्यात ती बरीचशी पानं टाकून देते, वाळल्या काटक्यांसारखी दिसते. मेली नाहीये, झोपलीय. तुझा आयडी तिला शोभला असता.

फिनिक्सला वर्षाचा पाऊस साधारण सात इंच, म्हणजे १८ सेंटिमीटर. पुण्यात एकट्या जुलैत जवळपास तेवढा पडतो. फिनिक्सचा हा पाऊसही अर्धा हिवाळ्यात, अर्धा उन्हाळ्यात. (हो, भारतातल्यांनो, इथेही त्याला मान्सूनच म्हणतात! हवामान खात्याच्या लेखी १५ जून ते ३० सप्टेंबर. आधी धुळीची भिंत चालून येते, तिचं नाव हबूब, मग झालाच तर वीस मिनिटं पाऊस.) मॅलोचं सगळं गणित हिवाळी पावसावर आहे. डिसेंबर-जानेवारीत बरा झाला तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजू नारिंगी होतात. खडीतून आपणहून आलेल्या रोपाला तर काहीच नको. उन्हाळाभर महिन्यातून एकदा बादलीभर, तेही तुझ्या समाधानासाठी.

आणि एक. छाटताना किंवा पानं चुरताना डोळ्यांना हात लावू नकोस. पानांवरची लव बोटांना चिकटते. मी एकदा छाटणी करून तशीच कपाळाचा घाम पुसत घरात आले. संध्याकाळपर्यंत डोळे कांदा कापल्यासारखे, दुसऱ्या दिवशी लालबुंद. डॉक्टरांनी हसत विचारलं, बागकाम का? इंग्रजीत या झाडाला 'सोअर-आय पॉपी' असंही म्हणतात, ते उगाच नव्हे. मेक्सिकन शेजारीण म्हणते 'माल दे ओहो'.

पंक्चर_काढून_मिळेल

माल दे ओहो? हे तर आमच्या गल्लीतले हमाल ओरडतात तसं वाटतंय.

खारूताई

स्पॅनिशमध्ये माल म्हणजे वाईट, ओहो म्हणजे डोळा. डोळ्याचं दुखणं. आणि दृष्ट लागते, त्या दृष्टीलाही हाच शब्द.

पंक्चर_काढून_मिळेल

म्हणजे झाडाचं नावच 'दृष्ट'. ताई, मीठ-मोहऱ्या ओवाळून मगच छाटा.

गावठी_बॉटनी

चांगला धागा. कोल्हापुरात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. लांबण लागली तर माफी.

धागाकर्तीचं निदान बरोबर आहे. कूळ माल्व्हेसी, म्हणजे भेंडी कुळ. ओळखायची खूण त्यांनी अचूक पकडली : पुंकेसरांचे तंतू जुळून झालेली नळी आणि तिच्या आतून वर आलेला स्त्रीकेसर. जास्वंद, भेंडी, कापूस, अंबाडी, परस पिंपळ, सगळीकडे हेच दिसेल. कळी पाहिलीत तर पाकळ्या एकमेकींवर पीळ घातल्यासारख्या गुंडाळलेल्या असतात, छत्री मिटावी तशा. आता या कुळात सावर, गोरखचिंच, मुचकुंद, मुरुडशेंग, फालसा आणि चॉकलेटचा कोकोसुद्धा आला. पूर्वी ही वेगवेगळी कुळं होती. डीएनए तपासायला लागल्यावर सगळी एका छपराखाली आली. आमच्या वेळचे विद्यार्थी चार कुळं पाठ करायचे, आताच्यांची एकातच सुटका.

दुसरी खूण हाताला कळते. पान चुरगाळा, बुळबुळीत लागेल. भेंडीच्या भाजीचा तारही तोच. युरोपातल्या दलदलीत 'मार्श मॅलो' नावाची याच कुळातली वनस्पती आहे. तिच्या मुळातल्या चिकट द्रव्याची मिठाई करत, तीच आजची मार्शमॅलो. आता त्यात मॅलोचा अंशही नसतो.

आता ती राखाडी 'धूळ'. घरात दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर पानाच्या पाठीवर धरा. साधे केस दिसणार नाहीत, चांदण्या दिसतील. एका बिंदूतून चहूकडे फुटलेले किरण, एकीवर एक रचलेल्या. आम्ही त्यांना तारकाकृती रोम म्हणतो. ऊन परतवतात आणि पानालगतची हवा अडवून धरतात, त्यामुळे पाणी कमी उडतं. खारूताईंच्या डोळ्यांत गेल्या त्या याच चांदण्या.

नावाबद्दल : ग्रीकमध्ये 'स्फैरा' म्हणजे गोल, 'अल्सिया' हे एका मॅलोचं जुनं नाव. फळ गोल, म्हणून स्फेराल्सिया. जातीचं नाव हार्वर्डचे अ‍ॅसा ग्रे यांनी १८८७ साली दिलं. अँबिग्वा म्हणजे संदिग्ध. नाव ठेवणाऱ्यालाच खात्री वाटू नये इतक्या या वंशातल्या जाती एकमेकींसारख्या दिसतात, वर आपापसांत संकर होतो ते वेगळंच. त्यामुळे फुलाच्या एका फोटोवरून 'ही अँबिग्वाच' असं मी लिहून देणार नाही. त्यातून तो फोटो मलाही दिसत नाहीये.

शुद्धलेखन_काका

'स्फेराल्सिया' की 'स्फेराल्शिया'?

गावठी_बॉटनी

काका, झाडाचं नावच संदिग्ध. दोन्ही चालवून घ्या.

संत्रावाला

वाचून लय मजा आली. आमच्याकडे काटोलला बांधावर 'मुद्रा' असते, कोणी पेटारी म्हणते. पिवळं-केशरी फूल, दुपारनंतर उमलते. तिचं फळ म्हणजे चक्रासारखं, वरून दाबलेलं, कडेने खाचा. शाळेत असताना आम्ही ते दौतीत बुडवून वहीवर शिक्के मारत होतो. गुरुजीच्या सहीशेजारी एकदा मुद्रा उठवली न् दोन छड्या खाल्ल्या. तुमच्या झाडाचं फळ तसंच आहे का जी?

गावठी_बॉटनी

अगदी तसंच! मुद्रा म्हणजे अब्युटिलॉन, हिची सख्खी नसली तरी जवळची नातेवाईक. या फळाची गंमत अशी की पिकल्यावर त्याच्या फोडी सुटतात. तुम्हाला काय सांगायचं, संत्र्याच्या फोडी डोळ्यांपुढे आणा. दहा-बारा फोडी गोल बसलेल्या, प्रत्येकीत एक-दोन बिया. मॅलोच्या फोडीचा वरचा भाग गुळगुळीत असतो आणि खालचा जाळीदार. ती जाळी कशी आहे यावरून तज्ज्ञ जात ठरवतात. म्हणून म्हटलं, फुलाचा फोटो नको, सुकलेल्या फळाचा द्या.

संत्रावाला

आणखी एक. अ‍ॅरिझोना म्हटलं की आमच्यासारख्या कापसावाल्याले पिमा कापूसच आठवतो. लांब धाग्याचा, भारी सदऱ्याचा. तो तिथलाच ना?

खारूताई

हो काका. फिनिक्सच्या दक्षिणेला साकाटन म्हणून गाव आहे, तिथल्या सरकारी प्रायोगिक शेतावर तो वाढवला गेला. तिथे राबणारे लोक अकिमेल ओ'ओधम. बाहेरचे त्यांना पिमा म्हणत, तेच नाव कापसाला मिळालं. कापूसही भेंडी कुळातलाच, म्हणजे धागा विषयाला धरूनच आहे. शिवाय दक्षिण अ‍ॅरिझोनाच्या डोंगरांत एक रानकापूस आपोआप उगवतो, पांढरी फुलं येतात. बोंड सुपारीपेक्षा लहान, त्यातून वात होणार नाही.

सगळं_गुगलवर_आहे

माहिती छान, पण हे सगळं एका सर्चमध्ये मिळतं. धागा कशाला?

पंक्चर_काढून_मिळेल

गुगलला नाकावर जास्वंदीचा दांडा चिकटवता येतो का?

उलटा_पावसाळा

ऑस्ट्रेलियातून हजेरी. अ‍ॅडलेडहून गाडीने अ‍ॅलिस स्प्रिंग्जला गेलो होतो, तिथे असाच धक्का बसला. लाल मातीत कमरेएवढं झुडूप, जांभळट गुलाबी फुलं, बुडाशी गडद तांबडा डाग. मी खुशाल जास्वंद म्हणून फोटो काढले. गाइड म्हणाला, हा कापूस आहे! स्टर्ट्स डेझर्ट रोझ. नावात गुलाब, दिसायला जास्वंद, जातीने कापूस. नॉर्दर्न टेरिटरीचं ते राज्यफूल आहे आणि १९७८ पासून त्यांच्या झेंड्यावरही आहे. गंमत म्हणजे खऱ्या फुलाला पाकळ्या पाच, झेंड्यावर सात. सहा राज्यं आणि सातवी टेरिटरी स्वतः. कारकुनी गरजेपोटी निसर्गात दोन पाकळ्या वाढवल्या.

समुद्रकाठी

सॅन डिएगोहून. याच कुळातली माझी लाडकी वेगळी आहे : डेझर्ट फाइव्हस्पॉट. मोहावेत आणि डेथ व्हॅलीत दिसते, एकाच हंगामाची. पाकळ्या फिकट गुलाबी-जांभळ्या, आत वळून पेला झालेल्या. बाजूने पाहिलं तर काहीच विशेष नाही. गुडघे टेकून वरून डोकावलं की आत पाच लालभडक ठिपके, कुणी कुंकवाचं बोट पाच वेळा टेकवल्यासारखे. २०१६ साली डेथ व्हॅली फुलली होती तेव्हा आम्ही मुद्दाम गेलो. लोक पिवळ्या फुलांच्या गालिच्यात उभे राहून सेल्फी काढत होते आणि माझी बायको रस्त्याकडेला जमिनीवर आडवी. दोन गाड्या थांबल्या, बाई चक्कर येऊन पडल्या की काय म्हणून.

ग्लोबमॅलोबद्दल : कासवं खातात! इथल्या वाळवंटी कासवाच्या आवडत्या चाऱ्यात ती आहे. ससेही कोवळे शेंडे सोडत नाहीत, तेव्हा नवीन रोप लावलंत तर पहिल्या वर्षी जाळी घाला. पेंटेड लेडी फुलपाखराच्या अळ्याही मॅलोची पानं खातात. हे फुलपाखरू भारतातही आहे. २०१९ च्या मार्चमध्ये आमच्या डोक्यावरून ती लाखोंनी उत्तरेकडे गेली, गाडीची काच पुसून पुसून हात दुखले.

दुपारची_झोप

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. भिंग लेकीच्या खेळण्यांत सापडलं. गावठी_बॉटनी सर, खरंच चांदण्या आहेत. लेक म्हणाली, "आई, पानाला फ्रॉस्टिंग लावलंय." आता ती घरातलं प्रत्येक पान भिंगाखाली धरतेय, काल पोळीसुद्धा.

बाप्पाचं कुणीच सांगितलं नाही. आणि कमिटीचं काय करू? आठ दिवस उरलेत.

आजीचा_बटवा

बाप्पाला लाल फूल प्रिय. अथर्वशीर्षात 'रक्तपुष्प' म्हटलंय, जास्वंदीचं नाव घेतलेलं नाही. शेंदराच्या रंगाच्या जवळ जाणारं फूल आहे, वास उग्र नाही, मनापासून वाहा. आमच्या आजी कोकणात जास्वंद नसली की अबोली वाहायच्या.

खारूताई

शास्त्र झालं, आता व्यवहार. हे फूल तोडलं की अर्ध्या तासात मान टाकतं. मी माघी गणपतीला ओल्या रुमालात ठेवून पाहिलं, आरतीपर्यंत टिकलं नाही. शिवाय भाद्रपदात तुझ्याकडे फुलं असतील याचा नेम नाही, तो तिच्या झोपेचा काळ. मान्सून चांगला झाला तर सप्टेंबरात दोन-चार येतात. त्यापेक्षा पाडव्याला बघ, त्या वेळी बहर ऐन भरात असतो.

कमिटीसाठी एक युक्ती. तण आणि झाड यांत फरक एवढाच की झाडाभोवती आळं असतं. चार गोटे गोल मांड आणि नावाची पाटी लाव. शक्यतो लॅटिन नाव.

काळ्या_मातीतला

सोलापूर. आमच्याकडे ऊन भरपूर, पाणी कमी. बी पाठवाल का? बंगल्यापुढे लावतो.

गावठी_बॉटनी

मोह आवरा. सोलापूर कोरडं वाटलं तरी पाऊस फिनिक्सच्या तिपटीहून जास्त, आणि तोही थंडी सोडून पावसाळ्यात. आयडीतली काळी माती पाणी धरून बसते, हिला हवा मुरूम. जुलै संपेपर्यंत मुळं सडतील. दुसरं, परदेशातून बी पाकिटात घालून आणता येत नाही, त्याला परवाना नि रोगमुक्तीचा दाखला लागतो. आणि तिसरं, ती मुद्रा तुमच्या कुंपणाशी उभी असेल, तिच्याकडे एकदा नीट बघा ना!

काळ्या_मातीतला

बघितली. गेली वीस वर्षं मी ती उपटतोय.

द्राक्षबाग

नाशिक. छाटणीचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून विचारतो. बहर संपल्यावर शेंडे खुडायचे की खालपर्यंत उतरवायचं?

खारूताई

खालपर्यंत. जमिनीपासून वीतभर ठेवून बाकी सगळं काढायचं. मी उन्हाळा उतरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी करते. नवीन फुटवे जमिनीलगतच्या लाकडी बुंध्यातून येतात. नाही छाटलं तर मधून पोकळ आणि विस्कटलेली होते. इथले माळी कात्रीने गोल चेंडू करून टाकतात, तो प्रकार मात्र नको.

द्राक्षबाग

म्हणजे आमची खरड छाटणी. कळलं. फक्त आम्ही एप्रिलमध्ये करतो.

खारूताई

दुपारची_झोप, आणखी एक सांगायचं राहिलं. फुलं आहेत तोवर एकदा दिवेलागणीला झाडापाशी जा. डायडेशिया नावाच्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्या आहेत, त्यातली एक जात बहुतेक सगळा पराग ग्लोबमॅलोचाच गोळा करते. माद्या जमिनीत बीळ करतात आणि तोंडाशी मातीचं छोटं धुराडं बांधतात. नरांना घर नाही. ते रात्री फुलात झोपतात. बाकी काही सांगत नाही, तूच बघ.

---

दुपारची_झोप

धागा वर काढतेय. वर्ष झालं, हिशेब द्यायला हवा.

कमिटी : गोटे मांडले, पाटी लावली. 'स्फेराल्सिया अँबिग्वा, सोनोरन वाळवंटातील स्थानिक वनस्पती.' पत्रं बंद. मे महिन्यात कमिटीच्या एक बाई आल्या, मी दारात उभी राहून भांडणाच्या तयारीत. त्यांनी विचारलं, बी मिळेल का.

पाणी : कबुली देते. खडीतलं रोप मी सोडून दिलं, पण डेझर्ट बोटॅनिकल गार्डनच्या रोपविक्रीतून आणखी एक आणलं होतं. (हे गार्डन १९३९ पासून पापागो पार्कात आहे, फिनिक्सला आलात तर सकाळी लवकर जा.) विकत आणलेलं म्हणून जीव अडकला. जुलैत त्याची पानं गळायला लागली आणि मी खारूताईंचं सगळं विसरून रोज रात्री तांब्याभर पाणी घातलं. ऑगस्टमध्ये हाताने उचललं तर अलगद वर आलं, खाली मूळच नाही. चिखलाचा वास. एसीमागच्या रोपाला तांब्याभरही मिळालं नव्हतं. तेही काटक्या झालं होतं, पण नखाने साल खरवडली तर आत हिरवं.

बी : फोडी सुकून तपकिरी झाल्यावर चहाच्या गाळणीत चोळल्या. बी खसखशीपेक्षा थोडं मोठं, किडनीच्या आकाराचं, कवच टणक. ऑक्टोबरात तीस बिया घेतल्या. दहा पॉलिश पेपरवर हलक्या घासल्या, दहांवर उकळतं पाणी ओतून रात्रभर ठेवल्या, दहा तशाच पेरल्या. घासलेल्यांपैकी सहा उगवल्या, पाण्यातल्या चार, आणि तशाच पेरलेल्यांपैकी एक, तीही जानेवारीत, बाकीच्या हातभर झाल्यावर.

गावठी_बॉटनी

शाबास, हा खरा प्रयोग! त्या नऊ मेल्या समजू नका. कवच पाणी आत घेत नाही, इतकंच. कुणी दोन वर्षांनी उठेल, कुणी सहा. सगळ्या एकाच पावसाला उठल्या आणि पुढे पाऊस आलाच नाही तर वंश बुडाला. वाल पेरताना आपण अशा बिचक्या बियांना 'गणंग' म्हणतो आणि फेकून देतो. रानात गणंगच कामाला येतात.

दुपारची_झोप

सर, हे लेकीला वाचून दाखवलं. आता ती उशिरा उठते तेव्हा म्हणते, मी गणंग आहे.

रंगाची गंमत सांगायची राहिली. अकरातली आठ जगली, बाकी सशांनी खाल्ली (समुद्रकाठी, जाळी आठवडाभर उशिरा घातली). फेब्रुवारीपासून फुलतायत. आई नारिंगी, पण पोरं सगळी नारिंगी नाहीत. दोन फिक्या गुलाबी, एक जवळजवळ पांढरी. गावातल्या कुठल्या तरी झाडाचा पराग आला असणार. सासूबाई व्हिडिओवर म्हणाल्या, "अगं, बाप कोण ते विचारू नये, पोरं गोड आहेत ना?"

पाडव्याला गुढीच्या तांब्याभोवती साखरेच्या गाठीसोबत मॅलोची माळ घातली. दोऱ्यात ओवताना एक-एक फूल मिटत होतं. साडेनऊला गुढी उभारली, दहाला माळेत नुसते पिळलेले नारिंगी कागद. लेकीने धावत जाऊन दुसरी ओवून आणली, तीही गेली. शेवटी तोडणं बंद केलं आणि गुढीच झाडापाशी नेऊन उभी केली.

आणि खारूताई, मधमाश्या. काल गेले. सूर्य मावळून दहा मिनिटं झाली असतील. फुलं अर्धी मिटलेली, मोबाइलचा दिवा हाताआडून धरला. तिसऱ्याच फुलात होता. पाकळीला पाठ लावून गोल वळलेला, अंगभर पिवळा पराग, मागचे दोन पाय बाहेर लोंबत. शेजारच्या फुलात दोघे होते, एकमेकांच्या पायांत पाय. फूल वाऱ्याने हललं तर एकाने पाय आत ओढून घेतला. बस्, तेवढंच. आम्ही तिघं खडीत उकिडवे बसून होतो, नवऱ्याचा पाय बधिर होईपर्यंत.

फोटो देतेय, या वेळी दोनदा तपासलाय.

बर्फातला_बटाटा

दिसत नाहीये.